पाण्याच्या काठी एक दिवस : नांदेड-लातूरच्या सहलींचा इतिहास

माझा भाचा गेल्या वर्षी स्वित्झर्लंडला जाऊन आला. ल्युसर्नच्या सरोवराकाठी त्यांनी आठ दिवस मुक्काम केला आणि रोज एक सहल केली. एक दिवस बोटीतून, एक दिवस दातेरी रुळांवरच्या गाडीनं रिगीच्या डोंगरावर, एक दिवस पिलाटसवर. संध्याकाळी परत सरोवराकाठी. फोटो दाखवता दाखवता त्यानं सहज विचारलं, “मामा, नांदेडला येऊन कुणी आठ दिवस राहिलं, तर तुम्ही त्याला रोज कुठं न्याल?”

प्रश्न थट्टेचा होता. मी मात्र तो मनावर घेतला आणि बोटांवर मोजायला लागलो. पहिला दिवस नांदेडातच, हुजूर साहिबचं दर्शन आणि गोदावरीच्या काठचे नगीनाघाट, बंदाघाट. दुसरा दिवस विष्णुपुरीचं धरण आणि काठावरचं काळेश्वराचं देऊळ. तिसरा दिवस कंधार : किल्ला, दर्गा आणि तलाव. चौथा माहूर : रेणुकामाता, दत्तशिखर, मातृतीर्थ तलाव. पाचवा पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. सहावा किनवट तालुक्यातलं उनकेश्वर, तिथले गरम पाण्याचे झरे. सातवा देगलूरकडे होट्टलची चालुक्यकाळातली देवळं. आणि आठव्या दिवशी लातूरकडे उतरून औशाचा किल्ला, खरोशाची लेणी.

भाचा गप्प झाला. मी मात्र त्या यादीकडे बघत राहिलो. आठांपैकी सहा ठिकाणी माणसं जातात ती अखेर पाण्याच्या काठी जाऊन बसतात. ज्या मुलखाचं नाव निघालं की दुष्काळ हा शब्द आपोआप पुढं येतो, तिथला माणूस एक दिवस मोकळा मिळाला की पाण्याकडं निघतो. हे कधीपासून? कशासाठी? आणि तिसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटला : त्या काठावर बसायला सगळ्यांना मिळत होतं का?

जिल्हा गॅझेटियरमध्ये याची उत्तरं नाहीत. तिथं किल्ल्याच्या भिंती आहेत, देवळांची मोजमापं आहेत, यात्रांच्या तिथी आहेत. भाकरी बांधून सकाळी निघालेला आणि दिवेलागणीला परतलेला माणूस त्यात नाही. त्याचा माग रेल्वेच्या फाट्यांवरून, सणांच्या चालीरीतींवरून आणि चार म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून काढावा लागतो. गेली काही वर्षं मी तोच काढतो आहे.

समुद्र नावाचा तलाव

सुरुवात कंधारपासून करतो, कारण आमच्या भागातला सर्वांत जुना नावानिशी ठाऊक असलेला तलाव तिथं आहे. कंधार मन्याड नदीच्या खोऱ्यात, नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवर. राष्ट्रकूटांच्या काळात हे मोठं नगर होतं. तिथं सापडलेला शिलालेख तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकातला. त्यात नगरातली देवळं येतात आणि ‘जगत्तुंग समुद्र’ हे नावही येतं. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. त्याची कारकीर्द आठव्या शतकाच्या शेवटापासून नवव्याच्या आरंभापर्यंतची. म्हणजे लेख कोरला गेला तेव्हाच हा तलाव दीडेकशे वर्षांचा असावा, असं मानायला जागा आहे.

तलावाला ‘समुद्र’ म्हणणं ही दख्खनची जुनी सवय. खरा समुद्र इथून कित्येक दिवसांच्या वाटेवर. ज्यांनी तो जन्मात पाहिला नाही आणि पाहणारही नाहीत, त्यांच्यासाठी राजानं बांध घालून एक समुद्र केला. ही सवय अजून गेलेली नाही. पैठणच्या जायकवाडीचा जलाशय ‘नाथसागर’, विष्णुपुरीचा ‘शंकरसागर’. बाराशे वर्षांत बांधणारे बदलले, नाव ठेवायची रीत तीच राहिली.

पाणी अडलं की त्याच्या भोवती माणसं, आणि माणसांच्या भोवती देव. कंधारच्या पंचक्रोशीत हिंदू आणि जैन मूर्ती सापडल्या आहेत. जवळच्या मानसपुरीला क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे तुकडे आहेत. नुसते पाय पाहिले तरी मूळ मूर्ती केवढी असेल या विचारानं माणूस थबकतो. पुढं भुईकोट किल्ला वाढला, त्याभोवती खंदक आला, आत मशीद आणि महाल आले. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आला आणि त्यांचा उरूस भरू लागला. आज कंधारला गेलेला माणूस एका दिवसात राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंतचा इतिहास पायी फिरू शकतो. पण ज्यांना इतिहासाशी कर्तव्य नाही तेही जातात. त्यांना विचारलं तर उत्तर मिळतं, “तळं बघायला.”

आधी गाडी की आधी सहल?

युरोपात एक दिवसाच्या सहलीचा इतिहास रेल्वेपासून सांगतात. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यानं दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लाफबरोला रेल्वेनं नेली आणि त्याच दिवशी परत आणली. माणशी भाडं एक शिलिंग. हाच कुक १८६३ मध्ये लोकांना स्वित्झर्लंडला घेऊन गेला. १८७१ मध्ये रिगीवर दातेरी रुळांची गाडी चढली आणि सरोवराकाठच्या हॉटेलात राहून रोज एक डोंगर बघायची सोय झाली. तिथं आधी गाडी आली, मग सहल.

आपल्याकडं गाडी यायच्या किती तरी आधीपासून माणसं एक दिवसासाठी घर सोडत होती. फक्त त्याला सहल म्हणत नव्हती. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार भरतो, तमाशाचे फड उतरतात, देवस्वारी निघते. लांबचे लोक चार-पाच दिवस मुक्कामाला असतात. जवळपासच्या गावांतले पहाटे बैलगाडी जुंपून निघायचे आणि रात्री परतायचे. लातूरला महाशिवरात्रीपासून सिद्धेश्वराची यात्रा, कंधारला उरूस. नवस फेडायचा, बैल बघायचा, पाहुणे भेटायचे, जमलं तर पोरीचं स्थळही बघून ठेवायचं. मौज वेगळी काढून ठेवलेली नव्हती, ती कामातच मिसळलेली होती. सासुरवाशिणीला तर जत्रा हे वर्षातलं एकमेव न मागता मिळणारं बाहेर जाणं. माझी आजी सांगायची, “देवाचं नाव पुढं केलं की सासू आडवी येत नव्हती.”

माळेगावची यात्रा सुरू झाली की दुसऱ्याच दिवशी अमावास्या. पंचांगात दर्शवेळा अमावास्या; लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत तिला येळवस म्हणतात. शेजारच्या कानडी मुलखात हीच एळ्ळ अमावास्या. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि आमच्याकडं त्या दिवशी तिळाच्या पोळ्या लागतातच. आज जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या रेषा मध्ये आल्या आहेत. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. सणानं जुनी हद्द जपून ठेवली आहे.

येळवशीला अख्खं गाव शेतात जातं. आदल्या रात्रभर बायका चुलीपुढं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या नि शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा करून जोंधळ्याच्या उभ्या पिकाला आंबील शिंपडायची आणि मग जेवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. न बोलावणं हा कमीपणा. संध्याकाळी हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवायचा. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. स्थानिक सुट्टी असतेच, पण सुट्टी नसती तरी दुकानं उघडली नसती. एवढं मोठं शहर एका दिवसात रिकामं करणारी दुसरी सहल मला तरी ठाऊक नाही.

आता पाण्याकडं वळू. बांधावरची जागा निवडताना विहिरीजवळचं झाड शोधतात. आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन आलेली घरची बाई आधी विहिरीत डोकावते. मार्गशीर्षाच्या शेवटी विहिरीत किती पाणी आहे, त्यावर रब्बी कशी जाणार ते ठरतं. जेवण उरकल्यावर म्हातारी माणसं काठावर बसून त्याचाच हिशेब करत. येळवस म्हणजे वनभोजन हे खरं, पण तो वर्षातून एकदा अख्ख्या कुटुंबानं मिळून केलेला पाण्याचा ताळाही होता.

रुळ आणि लाल डबा

विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज लाइन मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत आली आणि नांदेड तिच्यावर आलं. लातूरला रेल्वे पोचली ती १९११ मध्ये, आणि तीही वेगळीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीची. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिचा मुख्य धंदा मालाचा, कापूस आणि धान्याचा. पण आषाढी-कार्तिकीला तिनं लातूरच्या माणसाला पंढरपूर जवळ आणलं. ज्या वाटेला दिंडीत कित्येक दिवस जात, ती गाडीत बसून उरकायला लागली. चंद्रभागेत बुडी, विठोबाचं दर्शन आणि परत. वारकऱ्यांना ती वारी वाटली नसेल; पण ज्यांच्या पायांत चालायचं बळ नव्हतं, त्यांच्यासाठी त्या छोट्या गाडीनं पंढरपूर उघडलं. ही लाइन आणि तिची वाट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढं ती पुन्हा येणार आहे.

मोटारींची गोष्ट त्यानंतरची. निजामाच्या राज्यात १९३२ च्या जूनमध्ये रेल्वे खात्यानंच सरकारी बससेवा सुरू केली, २७ बस आणि १६६ नोकर घेऊन. मुंबई राज्यातली पहिली एस्टी त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि १९६१ पासून आमच्या बसगाड्या महाराष्ट्राच्या एस्टी महामंडळाच्या झाल्या. रस्ता झाला, एस्टी आली आणि शाळेची सहल निघू लागली. शैक्षणिक सहलींना एस्टीनं निम्म्या भाड्याची सवलत दिली. माझ्या पिढीच्या बहुतेक पोरांनी आपला तालुका पहिल्यांदा ओलांडला तो या निम्म्या भाड्यावर.

काठावर कोण बसणार?

आता तिसऱ्या प्रश्नाकडं येतो. आमच्या मुलखातल्या एक दिवसाच्या सहलींची लेखी वर्णनं फार थोडी आहेत, आणि त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं वर्णन आनंदाचं नाही. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेलं आहे.

१९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत नेहमीचा त्रास नको म्हणून गाजावाजा न करता जायचं ठरलं होतं. औरंगाबादहून वेरूळला जाताना ते दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर बसलेली. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेलं टाकं होतं. काही जणांनी त्यात हातपाय, तोंड धुतलं आणि मंडळी दरवाजाशी गेली. रमजानचा महिना होता. मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी पाणी विटाळलं. बघता बघता माणसं जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात आलं. शेवटी मंडळींना किल्ल्यात सोडलं ते एका अटीवर : आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. त्यासाठी सोबत हत्यारबंद शिपाई दिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे.

त्याआधी सात वर्षं, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क सांगितला होता, आणि तिथं सवर्ण हिंदूंनी सत्याग्रहींना मारहाण केली होती. तळं बदललं, राज्य बदललं, अडवणाऱ्यांचा धर्म बदलला. अडवणं तेच राहिलं. सहलींचा इतिहास लिहिताना या दोन तळ्यांना वळसा घालून जाता येणार नाही. आपण ‘लोक तळ्याकाठी जात’ असं सहज लिहितो, तेव्हा त्या ‘लोक’ शब्दात कोण मावत नव्हतं, तेही लिहायला हवं. जत्रेतही पाणवठे वेगळे होते. येळवशीच्या विहिरीतही प्रत्येकाला स्वतः पोहरा सोडता येत नव्हता. ज्यांनी तळी खोदली, माती वाहिली, बांध घातले, त्यांतल्या पुष्कळांना काठावरून ओंजळभर पाणी घ्यायची मुभा नव्हती.

मी सातवीत असताना आमच्या शाळेची सहल कंधारला गेली. आमच्या गावात तेव्हाही आडावर काही घरांच्या बायकांना घागर खाली ठेवून कुणी पाणी ओतेल याची वाट बघत उभं राहावं लागे. कायदा होऊन तीस वर्षं होत आली होती. किल्ला बघून झाला, दुपारी तळ्याकाठी जेवायला बसलो. गुरुजींनी एक मोठी सतरंजी अंथरली आणि सांगितलं, डबे उघडून मधोमध ठेवायचे, कुणाचा कुठला ते विसरायचं, हाताला येईल ते खायचं. मग स्वतः तळ्यावरून कळशी भरून आणली आणि सगळ्यांना एकाच तांब्यानं हातावर पाणी घातलं. एकदोन पोरं बावरली. भूक लागली होती, त्यामुळं फार वेळ कुणाला बावरून राहता आलं नाही. परतताना गाडीत गुरुजी एवढंच म्हणाले, “घरी किल्ल्याचं सांगा, जेवणाचं सांगितलं नाही तरी चालेल.” किल्ल्याचं मला फारसं काही आठवत नाही. जेवणाचं मी आज, चाळीस वर्षांनी, इथं सांगतो आहे.

धरणं बघायला

जुन्या तळ्यांच्या जोडीला स्वातंत्र्यानंतर धरणं आली. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. पैठणला धरणाच्या खाली ज्ञानेश्वर उद्यान झालं, रंगीत कारंजी आली, आणि सगळ्या मराठवाड्याच्या शाळांच्या सहली तिकडं वळल्या. येलदरी, सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची धरणं. नांदेडजवळ विष्णुपुरीचा उपसा सिंचन प्रकल्प, ज्याला आता डॉ. शंकरराव चव्हाणांचं नाव आहे. मन्याडवर बारूळ आणि लिंबोटी. लातूरकरांसाठी मांजरेवरचं धनेगाव. पावसाळ्यात धरण भरलं आणि दारं उघडली की आजही माणसं सहकुटुंब निघतात. भेळ, भाजलेली कणसं, पोरांचा आरडाओरडा, भिंतीवरून कोसळणारा पांढरा फेस. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात बघण्यासारखं काय, ते कळत नाही. त्याला धरण म्हणजे दृश्य. आमच्याकडं ती बातमी असते : यंदा गाव सोडायला लागणार नाही.

आमच्या भागातली धरणावरची सहल म्हणजे येळवशीच्या विहिरीत डोकावणंच, मोठ्या प्रमाणावरचं. धरण किती टक्के भरलं हा आकडा इथं चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या धावसंख्येसारखा सांगतात. ज्यांचं शेत आहे ते, ज्यांचं नाही ते, नळाची वाट बघणारे आणि बोअर मारणारे, सगळे जण तो आकडा डोळ्यांनी खरा करून घ्यायला जातात. पैठणच्या उद्यानाची रया पुढं गेली, कारंजी थांबली. तरी नाथसागर भरला की पैठणचा रस्ता गाड्यांनी भरतोच.

पाचांपेक्षा जास्त माणसं

आणि मग आलं २०१६.

दोन-तीन वर्षं पावसानं दगा दिला होता. धनेगावच्या धरणात लातूरसाठी उचलायला पाणी उरलं नव्हतं. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागली, फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली. टँकर भरायच्या जागी भांडणं, हाणामाऱ्या होऊ लागल्या होत्या. हुकूम असा की पाचांपेक्षा जास्त माणसांनी पाण्याजवळ जमू नये.

मी तो हुकूम वर्तमानपत्रात वाचला आणि बराच वेळ त्याच ओळीवर थांबलो. पाण्याजवळ जमणं हाच ज्या मुलखाचा सण, हीच जत्रा, हीच सहल, तिथं पाण्याजवळ जमणं गुन्हा ठरलं होतं. १९३४ मध्ये दौलताबादला शिपाई सोबत दिला होता तो काही माणसांनी पाण्याला शिवू नये म्हणून. २०१६ मध्ये पोलीस उभे होते ते सगळ्यांसाठी. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, मी त्यांना एका मापानं मोजत नाही. प्रशासनाचा हेतू मारामाऱ्या टाळायचा होता आणि तो समजण्यासारखा होता. पण पाणी सरतं तेव्हा काठावरून माणसं उठवायची वेळ येते, आणि उठवताना आधी कोण उठतं, हे टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारावं.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ‘जलदूत’ हे तिचं नाव. ती आली त्या वाटेकडं पाहा : मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हीच ती कॅलथ्रॉपची जुनी लाइन. आता रुळ रुंद झाले होते, पण वाट तीच. शंभर वर्षांपूर्वी तिच्यावरून लातूरची माणसं पाण्याकडं, चंद्रभागेकडं गेली होती. आता कृष्णेकाठचं पाणी त्याच वाटेनं माणसांकडं आलं. स्टेशनवर गाडी बघायला गर्दी लोटली. त्या वर्षीची लातूरची सहल तीच म्हणायची.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस कोसळला. धनेगावचं धरण भरलं. लातूरहून मोटारसायकली, जीप, टेम्पो भरून माणसं निघाली, त्यांत मीही होतो. भिंतीजवळ कुणी नारळ फोडत होतं, कुणी ओटी भरत होतं. एक बाई पोराला कडेवर घेऊन नुसती पाण्याकडं बघत उभी होती. तिनं फोटो काढला नाही, हात जोडले नाहीत. पोरगं पाण्याकडं बोट दाखवून काही तरी विचारत होतं आणि ती मान हलवत होती. इतिहासात नोंद करावी अशी ती सहल होती, म्हणून मी ती इथं करतो आहे.

परत कंधारला

हा लेख लिहायच्या आधी मी पुन्हा कंधारला गेलो. बसस्थानकावरून चालत तळ्यापर्यंत. तळ्याकाठी एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं; बाजूला दर्ग्यावरून आलेली चार माणसं होती; दोन कॉलेजची पोरं मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढत होती. कुणी कुणाला कुठून आलात याच्या पुढचं विचारत नव्हतं.

आता सगळीकडं तळ्यांच्या विकासाची भाषा आहे. बोटी, संगीत कारंजी, सेल्फीसाठी कमानी, आणि या सगळ्याभोवती जाळी आणि तिकीटखिडकी. गावात चार पैसे येतील, तरुणांना काम मिळेल; त्याला माझा विरोध नाही. मागणी दोनच आहेत. पहिली, कारंज्याच्या आधी गाळ काढा. बाराशे वर्षं हा समुद्र टिकला तो दर पिढीनं कुणी ना कुणी बांधाची डागडुजी केली म्हणून. दुसरी, काठाचा एक भाग असा ठेवा की जिथं तिकिटाशिवाय, विचारणा न होता, कुणालाही सतरंजी टाकून भाकरी खाता येईल. तो काठ मोकळा व्हायला फार वेळ लागला आहे आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत.

आणि शिक्षकांना एक विनंती. सहल लांब न्या, अवश्य न्या, पण एक दिवस आपल्याच तालुक्यातल्या तळ्यावर न्या. पोरांना बांधावर चालवा, सांडवा दाखवा, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते विचारा. मग डबे मधोमध ठेवा.

भाच्याला मी फोन करून सांगितलं, की पाहुण्याला आठ दिवस नेण्यासारखं आहे आपल्याकडं, पण त्यानं येळवशीला यावं. तो म्हणाला, “मामा, तेव्हा गाड्यांना गर्दी असते.” मी म्हटलं, “असूदे. गर्दीच तर दाखवायची आहे.”